सहा अंशांचे अंतर : कळवा ते नागपूर आणि परत

आदली संध्याकाळ, शनिवार, १७ जानेवारी २०२६

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला अंतर न सांगता नुसता वेळ सांगितला, तर त्याचे समाधान होत नाही. नागपूरच्या ताईकडे जाण्यासाठी मुलाने विमानाचे तिकीट काढून दिले. त्यावर नवी मुंबईहून निघण्याची वेळ ११ वाजून १० मिनिटे आणि नागपूरला पोहोचण्याची १२ वाजून ४० मिनिटे, म्हणजे बरोबर दीड तास, असे छापले होते. रेल्वेच्या तिकिटावर किलोमीटरचा आकडा असतो, एसटीचे भाडे टप्प्यांवर ठरते; विमानाच्या तिकिटावर मात्र अंतराचा मागमूस नव्हता. म्हणून जेवणानंतर मी जुनी मोजणीची वही काढली आणि अंतर स्वतःच काढायला बसलो.

नवी मुंबईचा विमानतळ ढोबळमानाने १८ अंश ५९ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७३ अंश ४ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे, तर नागपूरचा २१ अंश ५ मिनिटे उत्तर आणि ७९ अंश ३ मिनिटे पूर्व असा आहे. म्हणजे अक्षांशात २ अंश ६ मिनिटांचा आणि रेखांशात ५ अंश ५९ मिनिटांचा फरक पडतो. आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरचा असतो. रेखांशाचा अंश ध्रुवाकडे जाताना आखडत जातो आणि वीस अंश अक्षांशावर तो १०४.६ किलोमीटरच्या आसपास भरतो. त्यामुळे उत्तरेकडे २३२ आणि पूर्वेकडे ६२६ किलोमीटर जायचे आहे. एवढ्या लहान पट्ट्यात पृथ्वीचा बाक विसरून काटकोन त्रिकोण मांडला तरी चालतो. त्याचा कर्ण ६६७ किलोमीटर आला. वैमानिकांच्या सागरी मैलात हे अंतर ३६० होते, आणि एक सागरी मैल म्हणजे पृथ्वीच्या परिघावरचे एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) असल्यामुळे दोन विमानतळांतील अंतर बरोबर सहा अंश ठरते. रेखांशातला फरकही सहा अंशांच्या जवळचाच निघाला, हा निव्वळ योगायोग आहे. पण असे आकडे वहीत उतरले की मोजणीच्या माणसाला त्या रात्री झोप चांगली लागते.

प्रवासी जेट विमान उंचावर तासाला सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने ६६७ किलोमीटरला ४८ मिनिटे पुरावीत. तिकिटावर ९० मिनिटे होती. उरलेली ४२ मिनिटे कोठे जातात ते पाहणे हा या प्रवासाचा माझ्यापुरता हेतू होता. ताईला भेटणे हा घरी सांगितलेला हेतू.

पहिला दिवस, रविवार, १८ जानेवारी

सकाळी ८ वाजून ५ मिनिटांनी कळव्याहून टॅक्सी निघाली. ठाणे-बेलापूर रस्ता आमच्या दारातूनच सुरू होतो असे म्हटले तरी चालेल. विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे, तुर्भे ही नावे मी एरवी ठाणे-वाशी लोकलच्या खिडकीतून पाहत आलो आहे. रविवार असल्यामुळे रस्ता मोकळा होता आणि ३३ किलोमीटरचे अंतर ५५ मिनिटांत कापले गेले. हा आकडा रविवारचा आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. बुधवारचा आकडा पुढे येईल.

नोकरीतली चार वर्षे मी पनवेल तालुक्यात मोजणी केली. त्यामुळे उलव्याच्या बाजूने विमानतळाकडे वळताना डोळे आपोआप जुन्या खुणा शोधू लागले. येथे उलव्याची टेकडी होती, ती कापून काढली. उलवे नदी होती, तिचा प्रवाह वळवला. तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोपर, कोल्ही, वाघिवली, वरचे ओवळे अशी गावे आणि पाडे उठवून दुसरीकडे वसवले गेले. ज्या बांधांवर उभे राहून मी हद्दीच्या खुणा दाखवल्या, त्यांच्यावर आता कोठे भराव तर कोठे काँक्रीट आहे. सुमारे ११६० हेक्टरांच्या या आवारातून पहिली प्रवासी उड्डाणे २५ डिसेंबर २०२५ रोजी झाली, म्हणजे मी गेलो तेव्हा विमानतळ महिन्याचाही झाला नव्हता. कमळाच्या पाकळ्यांची कल्पना घेऊन बांधलेली इमारत देखणी आहे यात शंका नाही. मला तिच्यापेक्षा धावपट्टीत अधिक रस होता.

ही धावपट्टी ३७०० मीटर लांब आहे. आमच्या शंकू साखळीच्या ३३ फुटांनी मोजायची तर जवळजवळ ३६८ साखळ्या भरतील. तिच्या एका टोकाचा क्रमांक ०८ आणि दुसऱ्याचा २६ आहे. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलेल्या दिशेचे अंश दहाने भागून हे क्रमांक देतात, म्हणजे धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम पडते. माझ्या त्रिकोणानुसार नागपूर ७० अंशांच्या दिशेला आहे, तेव्हा ०८ च्या बाजूने पूर्वेकडे उडालो असतो तर विमान जवळजवळ नागपूरकडेच तोंड करून निघाले असते. विमाने मात्र समोरून वारा घेऊन उडतात आणि त्या दिवशी वारा पश्चिमेचा होता. त्यामुळे नागपूरला जायला निघालेले आमचे विमान आधी समुद्राच्या दिशेने गेले आणि मग मोठा वळसा घेऊन पूर्वेकडे वळले.

वेळा अशा आहेत. ११ वाजून ७ मिनिटांनी विमान जागचे हलले, ११.२४ ला त्याची चाके जमिनीवरून उचलली गेली, १२.२८ ला ती नागपूरच्या जमिनीला लागली आणि १२.३५ ला विमान ठरलेल्या जागी उभे राहिले. हवेतला वेळ ६४ मिनिटे आणि एकूण वेळ ८८ मिनिटे. विमान कंपन्या तिकिटावर जो कालावधी छापतात तो यातला दुसरा असतो, म्हणजे चाकांखालचे चॉक (अडसराचे ठोकळे) काढून विमान हलल्यापासून पुन्हा चॉक लागेपर्यंतचा. जमिनीवरची चोवीस मिनिटे अशी सापडली. उरलेल्या हिशेबासाठी मी मोबाईल उड्डाण अवस्थेत ठेवून त्यातले जीपीएस चालू केले होते. जीपीएस केवळ उपग्रहांचे संकेत ऐकते, स्वतः काही पाठवत नाही, म्हणून त्या अवस्थेतही ते चालते. खिडकीशी धरावे लागते एवढेच.

चढायला बावीस मिनिटे लागली. वैमानिकाने ३७ हजार फुटांची घोषणा केली. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना ३३, ३५, ३७ अशा विषम हजारांच्या आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम हजारांच्या पातळ्या दिल्या जातात, म्हणजे समोरासमोरच्या विमानांत उंचीचे अंतर आपोआप राहते. उतरण कोठून सुरू करावी याचाही एक साधा आडाखा वैमानिक वापरतात : उंचीच्या हजारांना तीनने गुणावे, तितके सागरी मैल आधी उतरू लागावे. ३७ ला तीनने गुणले की १११ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ २०५ किलोमीटर होतात. चढण सुमारे २३५ किलोमीटर आणि उतरण २०५ किलोमीटर धरली, तर सपाट उड्डाणासाठी सव्वादोनशे किलोमीटर उरतात आणि ते पंधरा मिनिटांत संपतात. पाण्याचा पेला हातात येईपर्यंत विमान उतरू लागलेले असते, ते यामुळेच. ८३० चा वेग या मार्गावर जेमतेम पाव तास मिळतो.

त्या पाव तासात जीपीएसवर ८८८ चा आकडा दिसला. विमानाचा हवेतील वेग तेवढा नव्हता. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून वाहणारा जोराचा वारा पाठीशी होता. उजव्या खिडकीतून नाथसागराचे पाणी चकाकताना दिसले. त्यानंतर काही वेळाने एक लहानसे गोल, गडद वर्तुळ दिसले, त्याला मी लोणार म्हणून वहीत नोंदवले आहे. माझी सरळ रेषा लोणारच्या उत्तरेस पंचवीस किलोमीटरवरून जाते, त्यामुळे नोंद खरी असण्यास हरकत नाही. शेजारच्या तरुणाने ते शेततळे असावे असे मत दिले.

विमानतळाहून रिक्षाने मेट्रो स्थानक, तेथून काँग्रेसनगर आणि पुढे पायी ताईचे घर, असे करून १ वाजून ५० मिनिटांनी पोहोचलो. दारापासून दारापर्यंत पाच तास पंचेचाळीस मिनिटे झाली होती. त्यांपैकी हवेत काढलेला वेळ पाचव्या हिश्श्याहूनही कमी होता.

दुसरा दिवस, सोमवार, १९ जानेवारी

ताईकडे सकाळ लवकर उजाडते आणि त्यात ताईच्या शिस्तीइतकाच रेखांशाचाही हात आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने नागपूरचा सूर्य आमच्यापेक्षा सरासरी चोवीस मिनिटे पुढे चालतो. हिवाळ्यात नागपूर उत्तरेला असल्यामुळे सूर्योदयातला फरक त्याहून थोडा कमी पडतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे ८२ अंश ३० मिनिटांच्या रेखांशाचेच.

भाऊजी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. ते डाक खात्याच्या आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, टपालाची छाननी करणारे सॉर्टर होते. माझी वही पाहून ते हसले आणि म्हणाले, "काहून जी, दीड तासाचं एवढं कौतुक? आमच्या वेळी मुंबईचं विमान रात्री यायचं अन् सकाळी परत मुंबईत असायचं." ते सांगत होते ती रात्रीची हवाई टपाल सेवा जानेवारी १९४९ मध्ये सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री टपालाच्या थैल्या घेऊन विमाने निघत, मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटे आपापल्या शहरी परत पोहोचत. सुरुवातीच्या काळात ही डाकोटा विमाने असत. भाऊजी नोकरीला लागले ते या सेवेच्या अखेरच्या वर्षांत. जानेवारीच्या थंडीत धावपट्टीच्या कडेला शेकोटी करून चार दिशांच्या दिव्यांची वाट पाहत बसल्याचे त्यांना अजून आठवते.

मी त्यांच्यासमोरच अंतरे काढली. नागपूरहून मुंबईचा जुना विमानतळ सुमारे ६८५ किलोमीटर, दिल्ली ८५०, चेन्नई ९०५ आणि कोलकाता ९८५ किलोमीटर येते. मुंबई त्यातल्या त्यात जवळ आहे, पण चारही अंतरे एका रात्रीत जाऊन येण्याजोगी आहेत आणि असे ठिकाण देशाच्या नकाशावर शोधायला गेले तर नागपूरच्या आसपासच बोट टेकते. भाऊजींना आकडे पटले. फक्त "मुंबईचं विमान जवळ असूनही उशिरा यायचं" हा त्यांचा शेरा मी वहीत घ्यावा असा त्यांचा आग्रह होता, तो घेतला आहे.

दुपारी शून्य मैलाचा दगड पाहिला. विधानभवनाजवळ, मेट्रोच्या झिरो माईल स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर हा वालुकाश्माचा स्तंभ आहे आणि त्याच्यासोबत चार घोड्यांचे पुतळे आहेत. हा भारताचा मध्यबिंदू आहे असे सर्वजण सांगतात. माझ्या व्यवसायातील माणसाला त्यावरची त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची खूण अधिक महत्त्वाची वाटते, कारण १९०७ चा हा दगड समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा प्रमाणबिंदू आहे. पायथ्याच्या बाजूंवर हैदराबाद, जबलपूर आणि इतर गावांची मैलांतील अंतरे कोरली आहेत. त्यांत मुंबई नाही. भाऊजींनी त्यावर काही बोलण्याची संधी सोडली नाही.

तिसरा दिवस, मंगळवार, २० जानेवारी

हा दिवस मी मुद्दाम राखून ठेवला होता. नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारे कर्नल विल्यम लॅम्बटन यांचे निधन झाले आणि त्यांची कबर तेथेच आहे. भाच्याच्या गाडीने गेलो, फुले वाहिली आणि अर्ध्या तासात परत निघालो. पाहण्यासारखे तेथे फारसे काही नाही आणि सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माऊंट येथे साडेसात मैलांची पायारेषा, म्हणजे पुढच्या त्रिकोणांची पहिली बाजू, साखळीने मोजली. त्या एका रेषेला ५७ दिवस लागले. पोलादी साखळी उन्हात लांबते म्हणून तापमानाची दुरुस्ती करायची, जमीन उंचावर असली तर लांबी समुद्रसपाटीला आणायची, असा तो काटेकोरपणा होता. आम्ही खात्यात शिकलो ती मोजणी त्याच घराण्यातली. समुद्रसपाटीच्या दुरुस्तीवरून मला आमच्या विमानाची आठवण झाली. ११ किलोमीटर उंचीवर पृथ्वीचा परीघ तेवढ्या प्रमाणात मोठा होतो, त्यामुळे ६६७ किलोमीटरचे अंतर सगळेच्या सगळे त्या उंचीवर कापले तर जेमतेम सव्वा किलोमीटरने वाढते. वेळात ते पाच-सहा सेकंद होतात. ४२ मिनिटांच्या चौकशीत हा संशयित निर्दोष सुटला.

दुसरी एक गोष्ट मात्र सोडून देण्याजोगी नाही. लॅम्बटन आणि त्यांच्यामागून सर्वेक्षणाचे प्रमुख झालेले जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या मोजणीतून जो पृथ्वीचा आकार ठरला, त्यावर भारताचे जुने नकाशे बेतले आहेत. विमान वाहतुकीत आज सर्वत्र डब्ल्यूजीएस-८४ हा उपग्रहांवर आधारलेला संदर्भ वापरतात. एकाच दगडाचे अक्षांश-रेखांश या दोन पद्धतींत काढले तर शेकडो फुटांचा फरक पडतो. दोन विमानतळांतील अंतरावर त्याचा परिणाम नगण्य असतो, कारण दोन्ही टोके जवळजवळ सारखीच सरकतात. धावपट्टी शोधणाऱ्या विमानाला मात्र तो फरक धावपट्टीशेजारच्या गवतात उतरवील.

येताना भाच्याने, उद्या विमानाऐवजी समृद्धी महामार्गाने चला, असा आग्रह धरला. नागपूर ते भिवंडी तालुक्यातील आमणे हा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. ७०१ आणि ६६७! विमानाच्या सरळ रेषेहून केवळ ३४ किलोमीटर जास्त. दोघांची टोके अगदी एक नाहीत हे खरे, तरी रस्ता आखणाऱ्यांना दाद द्यावी लागेल; रेल्वेने भुसावळवरून मुंबई-नागपूर ८३७ किलोमीटर पडते. गाडीला तेथे १२० ची मर्यादा आहे आणि आमण्याहून कळवा फार लांब नाही. मोह झाला, पण परतीच्या उड्डाणाची नोंद नसेल तर जातानाची नोंद अर्धवट राहते. मोजणी करत गेलेल्याने आरंभबिंदूवर परत येऊनच फरक तपासायचा असतो.

चौथा दिवस, बुधवार, २१ जानेवारी

परतीच्या तिकिटावर ३.३० ते ५.१० अशी वेळ होती. अंतर तेच, पण वेळ जातानापेक्षा दहा मिनिटे अधिक. म्हणजे वाऱ्याचा हिशेब कंपनीने आधीच धरला होता. येणारे विमानच उशिरा आले, त्यामुळे आम्ही ३.५२ ला हललो, ४.०३ ला उडालो, ५.२१ ला टेकलो आणि ५.३१ ला उभे राहिलो. हवेत ७८ मिनिटे गेली. जाताना ६४ गेली होती. या वेळी उंची ३६ हजार फूट, म्हणजे नियमाप्रमाणे सम होती आणि जीपीएसवरचा वेग ७७८ होता.

चौदा मिनिटांचा हा फरक ऐकून कोणीही वाऱ्याकडे बोट दाखवील. मीही तेच केले असते, पण रात्री वहीत मांडल्यावर ते बोट मागे घ्यावे लागले. स्थिर हवेत ८३३ चा वेग आणि ५५ किलोमीटरचा वारा धरला, तर जाताना ८८८ आणि येताना ७७८ मिळतात. वाऱ्याच्या पट्ट्यातले अंतर ४५० किलोमीटर मानले, तर स्थिर हवेत त्याला ३२.४ मिनिटे लागतात, जाताना ३०.४ आणि येताना ३४.७. जाताना दोन मिनिटे वाचली, येताना २.३ मिनिटे गेली. या दोहोंची फिटंफाट होत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते. तरी वाऱ्याच्या खाती एकूण साडेचार मिनिटेसुद्धा जमा होत नाहीत.

बाकीची मिनिटे मोबाईलवरच्या रेषेत सापडली. जाताना विमानाने ७०३ किलोमीटर कापले होते, त्यात समुद्राकडचा वळसा धरलेला आहे. येताना ७४६ किलोमीटर भरले. सह्याद्रीच्या अलीकडे रेषा एकदा दक्षिणेला लवली, पुन्हा वर गेली आणि मग धावपट्टीच्या रांगेत आली. नवी मुंबईचा आणि मुंबईचा जुना विमानतळ यांच्यात सरळ रेषेत चोवीस-पंचवीस किलोमीटरच आहेत, तेव्हा दोन्हींकडे उतरणाऱ्या विमानांची रांग एकाच आकाशात लावावी लागते. अशा वेळी विमान दहा हजार फुटांच्या खाली असते आणि तेथे वेगाची मर्यादा २५० नॉट, म्हणजे ४६३ किलोमीटर आहे. त्रेचाळीस जादा किलोमीटरांना त्या वेगाने साडेपाच मिनिटे लागतात. साडेचार आणि साडेपाच मिळून दहा होतात. उरलेली चार मिनिटे उतरणीत वेग लवकर कमी केला गेला त्यात धरायला हरकत नाही. वैमानिकाला विचारता आले असते तर बरे झाले असते, पण दारात उभे राहून नमस्कार करणाऱ्या माणसाला थांबवून वही दाखवण्याचे धैर्य मला झाले नाही.

विमानतळाबाहेर सहा वाजता टॅक्सी मिळाली. बेलापूरपर्यंत बरे गेले. तुर्भ्याला गाडी थांबली, महाप्याला पुन्हा थांबली, आणि ऐरोली ओलांडून कळव्याला ७.३५ ला पोहोचलो. रविवारी ५५ मिनिटांत झालेल्या ३३ किलोमीटरांना बुधवारी ९५ मिनिटे लागली. येथे वारा नव्हता, वळसा नव्हता आणि रस्ताही तोच होता.

वहीतल्या मूळ प्रश्नाचे उत्तर जातानाच्या नोंदीतून असे लागते : ४८ मिनिटे सरळ रेषेची, १६ मिनिटे चढ-उतार आणि वळशांची, २४ मिनिटे जमिनीवरची, आणि २ मिनिटे कंपनीने राखून ठेवलेली, जी त्या दिवशी खर्चच झाली नाहीत. परतीच्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात "सह्याद्रीच्या अलीकडे वळसा, ४३ कि.मी., कारण अंदाजे" असे लिहिले. त्याखाली भाऊजींचा उशिरा येणाऱ्या मुंबईच्या विमानाबद्दलचा शेरा सोमवारच्या पानावरून पुन्हा उतरवून घेतला.